जेलच्या फोटोतून आकडा काढताना: हाताची रीत, नव्या सोयी आणि लॅडरची साक्ष

१ जूनला ट्रॉलर किनाऱ्याला लागले की ३१ जुलैपर्यंत रत्नागिरीचं मिरकरवाडा बंदर सुस्त असतं. आमच्या प्रयोगशाळेत मात्र गर्दी याच दोन महिन्यांत होते. हंगामात गोळा केलेल्या माशांचा डीएनए काढून झालेला असतो, पीसीआर (डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या असंख्य प्रती काढणं) झालेले असतात, आणि ज्या थरात विजेने तुकडे आकारानुसार वेगळे होतात ते जेल चालवून फेकूनही दिलेले असतात. उरलेले असतात फक्त फोटो, ज्यांत प्रत्येक नमुन्याच्या उभ्या लेनमध्ये डीएनएच्या चमकत्या पट्ट्या, म्हणजे बॅंड, दिसतात. प्रबंधात आकडे हवेत म्हणून एकेक जण मोबाइल पुढे करतो. "मॅडम, यातून कुठला बॅंड किती ते टक्क्यांत काढता येईल ना? आता एआयवालं सॉफ्टवेअर आलंय म्हणे, फोटो टाकला की झालं."

आलंय, आणि चांगलंही आहे. लेन आपोआप शोधतं, वाकडा बॅंड ओळखतं, तक्ता हातात देतं. पण फोटोत जे टिपलंच गेलं नाही ते कुठलाच प्रोग्राम परत आणू शकत नाही. आणि त्याने दिलेला आकडा खरा की खोटा, हे त्याच जेलवर पळालेला लॅडर, म्हणजे माहीत असलेल्या आकारांच्या तुकड्यांचा नमुना, सोडून दुसरं कोणी सांगत नाही. म्हणून आधी फोटो, मग एकदा हाताने मोजणी, आणि त्यानंतरच नव्या सोयी, असा क्रम मी मुलांना लावून दिला आहे. तोच इथे मांडते.

फोटो

जेल डॉकमधून, म्हणजे जेलचा फोटो घेणाऱ्या यंत्रातून, फाइल काढताना बहुतेक जण जेपेग निवडतात, कारण ती लगेच व्हॉट्सॲपवर जाते. मोजणीसाठी ती बाद समजा. जेपेग चित्राचे ८ गुणिले ८ पिक्सेलचे चौकोन पाडून त्यातला बारकावा कमी करते. डोळ्यांना फरक कळत नाही, पण फिकट बॅंडच्या कडेला तो आकड्यात उतरतो. फाइल टिफमध्ये घ्या आणि शक्य असेल तर १६-बिटची घ्या. ८-बिट चित्रात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात, १६-बिटमध्ये ६५,५३६. फिकट बॅंड आणि मागची जमीन यांच्यात ८-बिटमध्ये जेमतेम चारपाच पायऱ्यांचं अंतर उरतं, त्यावर टक्केवारी काय काढणार?

दुसरी गोष्ट एक्स्पोजरची, आणि सगळ्यात जास्त जेल इथेच वाया जातात. बॅंड ठसठशीत दिसावा म्हणून एक्स्पोजर वाढवत नेलं की कॅमेऱ्याचा सेन्सर भरून जातो. त्यापुढे डीएनए दुप्पट असला तरी पिक्सेल तेवढाच पांढरा राहतो. जेल डॉकच्या बहुतेक नव्या प्रोग्राममध्ये असे भरलेले पिक्सेल रंगाने दाखवायची सोय असते, ती कायम चालू ठेवा. इमेजजे या मोजणीच्या प्रोग्राममध्ये 'इमेज' मेनूतल्या 'लुकअप टेबल्स'मध्ये 'हायलो' निवडलं की भरलेले पिक्सेल लाल आणि पूर्ण काळे पिक्सेल निळे दिसतात. मोजायच्या बॅंडमध्ये लाल ठिपका दिसला तर तो फोटो मोजणीतून काढा आणि जेल ट्रेवर आहे तोवर कमी एक्स्पोजरवर दुसरा घ्या. मी एका जेलचे तीन फोटो घ्यायला लावते: एक कमी, एक मध्यम, एक जास्त. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. दुसऱ्या दिवशी जेल कचऱ्यात गेल्यावर ते अर्धं मिनिट परत मिळत नाही.

पावसाळ्यातला आमच्याकडचा खास त्रास म्हणजे बुरशी. दमट हवेत कॅमेऱ्याच्या भिंगावर आणि नारिंगी फिल्टरवर ती जाळं धरते. एका जुलैत सलग तीन आठवडे आमच्या प्रत्येक फोटोत पाचव्या लेनचा बॅंड फिका येत होता. मुलं पिपेट बदलत राहिली, मी पीसीआरच्या तयार मिश्रणाला, मास्टर मिक्सला, दोष देत राहिले. शेवटी जेल उलटं ठेवून पाहिलं, तर फिकेपणा पाचव्या लेनबरोबर न जाता जागच्या जागी राहिला. भिंग पुसल्यावर प्रश्न मिटला. तेव्हापासून दोन नियम आहेत. कॅमेऱ्याच्या खोक्यात सिलिका जेलची पुरचुंडी, आणि प्रत्येक जेलच्या पहिल्या व शेवटच्या दोन्ही लेनमध्ये तोच लॅडर तेवढाच. दोन टोकांच्या एकाच बॅंडमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर उजेड सारखा पडत नाही असं समजून आधी तो बंदोबस्त करायचा. यूव्हीचे दिवे मधोमध जास्त प्रखर असणं हेही नेहमीचं कारण आहे.

जेल डॉक नसेल आणि मोबाइलवरच भागवायचं असेल तर फोन स्टँडवर ठेवा, फ्लॅश आणि एचडीआर बंद करा, प्रो मोडमध्ये आयएसओ व शटर ठरावीक ठेवा आणि रॉ फाइल साठवा. फोनचा नेहमीचा कॅमेरा अंधार उजळतो, कडा धारदार करतो आणि प्रत्येक फोटोला हे वेगळ्या प्रमाणात करतो. बॅंड आहे की नाही एवढं सांगायला असा फोटो पुरतो, किती आहे ते सांगायला नाही.

हाताने एकदा

इमेजजे हा प्रोग्राम वेन रासबँड यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत १९९७ मध्ये आणला. तो आजही फुकट आहे आणि जगभरच्या प्रयोगशाळांत जेल मोजायला वापरला जातो. फिजी ही त्याचीच, बरेच प्लगइन आधीच घातलेली आवृत्ती. नवखा असाल तर फिजीच उतरवून घ्या.

चित्र उघडा. रंगीत असेल तर 'इमेज', 'टाइप'मधून राखाडी करा. जेल तिरकं असेल तर 'ट्रान्सफॉर्म'मधून सरळ करा, पण एकदाच, कारण प्रत्येक फिरवण्यात पिक्सेल नव्याने मोजले जातात. 'ब्राइटनेस-काँट्रास्ट'ची पट्टी पाहण्यापुरती खुशाल हलवा, 'अप्लाय' मात्र दाबू नका. पट्टी हलवल्याने फक्त दिसणं बदलतं, 'अप्लाय'ने आकडेच बदलतात.

आता पहिल्या लेनवर उभा आयत काढा. रुंदी लेनपेक्षा किंचित कमी, म्हणजे शेजारच्या लेनची कड आत येणार नाही. कंट्रोल आणि १ दाबा. तोच आयत ओढत दुसऱ्या लेनवर न्या आणि कंट्रोल आणि २ दाबा. पुढच्या प्रत्येक लेनला पुन्हा २. सगळ्या लेन झाल्या की ३. प्रत्येक लेनचा आलेख समोर येतो, त्यात बॅंडच्या जागी डोंगर दिसतात. डोंगर उलटे दिसले तर 'जेल ॲनालायझर ऑप्शन्स'मध्ये 'इन्व्हर्ट पीक्स'वर खूण करा. त्याच खिडकीत 'अनकॅलिब्रेटेड ओडी' नावाची खूण आहे. ती कुमासी या निळ्या रंगाने रंगवलेल्या प्रोटीन जेलच्या आरपार उजेड सोडून केलेल्या स्कॅनसाठी. एथिडियम ब्रोमाइड किंवा सायबरसारख्या चमकणाऱ्या रंगाला ती लावू नका, तिथे उजेड शोषला जात नसतो, बाहेर पडत असतो.

मग सरळ रेषेच्या साधनाने प्रत्येक डोंगराचा पायथा बंद करा. या रेषेखालचं सगळं बॅकग्राउंड आणि वरचं सगळं बॅंड, असं आपण प्रोग्रामला सांगत असतो. नंतर जादूच्या कांडीने डोंगराच्या पोटात क्लिक केलं की क्षेत्रफळ तक्त्यात उतरतं.

क्षेत्रफळ घ्यायचं, उंची नाही. हे आमच्या भागात वीज शिकवते. जेल चालू असताना अर्धा तास लाइट गेली की डीएनए जागच्या जागी पसरतो. बॅंड रुंद आणि बुटका होतो, उंची पडते, पण आतला डीएनए तेवढाच असतो आणि क्षेत्रफळ जवळपास टिकतं. उंचीवरून मोजणाऱ्याला त्या दिवशीचे सगळे नमुने 'कमी' दिसतील.

हे सगळं करताना 'प्लगइन्स', 'मॅक्रोज'मधलं 'रेकॉर्ड' चालू ठेवा. तुम्ही निवडलेल्या आज्ञा एकाखाली एक लिहिल्या जातात. ती फाइल चित्राशेजारी ठेवली की सहा महिन्यांनी परीक्षकाने विचारल्यावर "बहुतेक असंच केलं होतं" म्हणावं लागत नाही.

तीनचार जेल असे हाताने मोजा. कंटाळवाणं आहे. पण पायथ्याची रेषा थोडी वरखाली केल्यावर आकडा किती हलतो हे एकदा स्वतःच्या हाताला कळलं की स्वयंचलित आकड्यावर डोळे मिटून विश्वास बसत नाही.

बॅकग्राउंड, म्हणजे सुक्या मासळीची गोष्ट

ताज्या सुरमईचा डीएनए काढला तर वेलजवळ, म्हणजे नमुना घालायच्या खाचेजवळ, एक घट्ट बॅंड दिसतो. तेच मीठ लावून उन्हात वाळवलेल्या बांगड्याचं करून पाहा. डीएनएचे लहानमोठे हजारो तुकडे झालेले असतात आणि लेनभर धुरकट पट्टा उतरतो, ज्याला आपण स्मिअर म्हणतो. हा स्मिअर म्हणजे कचरा नाही. डीएनए किती तुटला याची खूण तीच आहे. माशाची जात ओळखण्यासाठी वापरला जाणारा सीओआय जनुकाचा तुकडा सुमारे ६५० बेसपेअरचा (बेसपेअर हे डीएनएच्या लांबीचं एकक) असतो. स्मिअर सगळा त्याखाली सरकला असेल तर तो तुकडा वाढणार नाही, आणि १०० ते ३०० बेसपेअरच्या लहान बारकोडकडे, म्हणजे जात ओळखणाऱ्या आखूड तुकड्याकडे, वळावं लागेल. थोडक्यात, इथे मोजायची गोष्ट स्मिअर आहे.

आता 'प्रोसेस' मेनूतलं 'सबट्रॅक्ट बॅकग्राउंड' दाबा. ही लोळत्या चेंडूची रीत. चित्राच्या चढउतारांचा डोंगराळ प्रदेश आहे आणि त्याच्या खालच्या बाजूने चेंडू घासत चालला आहे असं समजा. चेंडू जिथवर पोचतो ते बॅकग्राउंड, आणि ज्या अरुंद सुळक्यात तो शिरू शकत नाही ते बॅंड. त्रिज्या मुळात ५० पिक्सेल ठेवलेली असते. धारदार बॅंडला ती चालते. पण स्मिअर हा सुळका नसून रुंद टेकडी आहे, त्यात चेंडू आरामात शिरतो आणि अख्खी टेकडी 'बॅकग्राउंड' म्हणून वजा होते. वाळलेल्या बांगड्याची लेन एकदम स्वच्छ दिसू लागते. मुलं खूश होतात. प्रत्यक्षात जे मोजायचं होतं तेच पुसलं गेलेलं असतं.

बहुतेक स्वयंचलित प्रोग्राममध्ये अशी वजाबाकी तुम्ही न सांगता होते किंवा एका खुणेवर चालू असते. म्हणून नवीन प्रोग्राम उघडल्यावर मी पहिली शोधते ती ही जागा: बॅकग्राउंड कुठल्या रीतीने काढतो, त्रिज्या किंवा खिडकी किती, आणि बंद करता येतं का.

चेंडूची त्रिज्या तुमच्या सगळ्यात मोठ्या खऱ्या वस्तूच्या त्रिज्येहून लहान नको, हा मूळ नियम. बॅंड ३० पिक्सेल उंच आणि ९० पिक्सेल रुंद असेल तर त्रिज्या ५० ठेवून तपासा, मग १०० आणि २०० ठेवून तपासा. तिन्ही वेळा बॅंडचा आकडा जवळपास सारखा आला तर निवड सुरक्षित. ५० वर एक आणि २०० वर भलताच आला तर चेंडू बॅंड खातो आहे. स्मिअरसाठी चेंडू वापरूच नका. त्याच जेलवर एक रिकामी लेन ठेवा, म्हणजे फक्त लोडिंग डाय (नमुन्यात मिसळायचा रंग) घातलेली, आणि तिचा आलेख नमुन्याच्या आलेखातून वजा करा. त्यासाठी एक वेल खर्च होते, होऊ द्या.

दोनदा वजाबाकी करू नका, हेही सांगायला हवं. आधी चेंडू फिरवला आणि नंतर आलेखात पायथ्याची रेषाही वर ओढली तर फिकट बॅंड दोन्हीकडून कापला जातो. दोहोंपैकी एकच.

नव्या सोयी कुठे खरंच कामाच्या आहेत

जुन्या रीतीचा पाया 'लेन सरळ असते' हा आहे. आयत काढायचा, आडव्या ओळींची सरासरी घ्यायची, आलेख काढायचा. पण जेलच्या मधला भाग तापला की मधल्या लेन पुढे पळतात आणि बॅंडांची ओळ हसऱ्या तोंडासारखी वाकते. वेल पाडणारा कंगवा तिरका बसला तर लेन कलते. मग सरासरीत दोन जवळचे बॅंड एकमेकांत मिसळतात.

इथे दोन पिढ्यांची उत्तरं आहेत. पहिल्या पिढीतल्या जेलॲनालायझरसारख्या मोफत प्रोग्राममध्ये लेन आणि बॅंड आपोआप शोधले जातात, हाताने हलवता येतात, आणि लॅडरवरून आकार व प्रमाण काढायची सोय आत बांधलेली असते. इमेजजेत जे तुम्ही एक्सेलमध्ये नेऊन करता ते इथे एका खिडकीत होतं. रोजच्या पीसीआर जेलसाठी मी मुलांना हेच सुचवते.

दुसरी पिढी लेनचा विचारच करत नाही. एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी तयार केलेलं जेलजीनी हे त्याचं उदाहरण. २०२५ मध्ये त्यावरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. हाताने खुणा केलेल्या पाचशेहून जास्त जेलचित्रांवर त्याचं न्यूरल नेटवर्क शिकवलं आहे, आणि ते प्रत्येक पिक्सेलला 'बॅंड' की 'बॅकग्राउंड' एवढंच विचारतं. बॅंड तिरका, वाकडा, अर्धवट असला तरी त्याची आउटलाइन मिळते, आणि तिच्या आतल्या पिक्सेलांची बेरीज हा बॅंडचा आकडा.

ते चालवायला क्यूपाथ हा मोफत प्रोग्राम लागतो. मूळचा तो ऊतींच्या सूक्ष्मदर्शक चित्रांसाठी, पण एक्स्टेंशन बसवता येत असल्यामुळे इथे कामाला आला. क्यूपाथ बसवा, जेलजीनीची एक्स्टेंशन फाइल त्याच्या खिडकीवर ओढून टाका, प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा. दोघांच्या आवृत्त्या जुळणाऱ्या असल्याची खात्री आधी करा, बहुतेकांचं अडतं ते इथेच. इंटरनेट असताना हे उरकून घ्या. आमच्याकडे पावसाळ्यात नेट गेलं की दोन दिवस जातं, म्हणून मॉडेलची फाइल आधी उतरवून ठेवलेली बरी. चित्र उघडा, बॅंड शोधायला सांगा आणि आता घाई न करता प्रत्येक लेन मोठी करून बघा. मी तीन चुका शोधते. वेलमध्ये अडकलेला डीएनए बॅंड म्हणून धरला का? धुळीचा चमकता ठिपका बॅंड झाला का? आणि दोन चिकटलेले बॅंड एकाच आउटलाइनमध्ये आले का? चुकलेलं खोडता येतं, सुटलेलं काढता येतं. हात लावलेल्या बॅंडांची यादी वहीत लिहा. मग तक्ता बाहेर काढा.

स्मिअरला मात्र या पद्धतीकडेही उत्तर नाही. 'बॅंड की बॅकग्राउंड' या प्रश्नात धुरकट पट्ट्याला जागाच नसते. सुक्या मासळीच्या लेनसाठी अजून लेनचा आलेख काढणं हीच रीत.

जेल डॉकबरोबर येणाऱ्या विकतच्या प्रोग्राममध्येही आता एका बटणावर सगळं होतं. त्याची एक अडचण आहे. ते मूळ फाइल स्वतःच्या खास स्वरूपात साठवतात आणि 'प्रकाशनासाठी' म्हणून निघणारा टिफ बऱ्याचदा ८-बिटचा, काँट्रास्ट ताणलेला असतो. 'विश्लेषणासाठी' असा वेगळा पर्याय असेल तर तो निवडा आणि मूळ फाइलही ठेवा.

लॅडरची परीक्षा

कुठलाही प्रोग्राम, कुठलीही नवी आवृत्ती, आधी लॅडरवर चालवा. ज्या लॅडरच्या प्रत्येक बॅंडमध्ये किती नॅनोग्रॅम डीएनए आहे ते डबीबरोबरच्या कागदावर छापलेलं असतं, तोच विकत घ्या. फक्त आकार सांगणारा लॅडर या कामाचा नाही.

समजा तुमच्या लॅडरच्या चार बॅंडमध्ये २०, ४०, ६० आणि १०० नॅनोग्रॅम आहेत. प्रोग्रामने आकडे दिले २०५०, ४०८०, ६१५० आणि ८२००. प्रत्येकाला नॅनोग्रॅमने भागा: १०२.५, १०२, १०२.५ आणि ८२. पहिले तीन एका रेषेत आहेत, चौथा खाली पडला. म्हणजे १०० नॅनोग्रॅमपाशी सेन्सर किंवा रंग भरून गेला आहे. या फोटोवर ६० नॅनोग्रॅमपर्यंतचेच आकडे विश्वासाचे. नमुन्याचा बॅंड ५१०० आला तर तो साधारण ५० नॅनोग्रॅम. तुम्ही ५ मायक्रोलिटर घातलं असेल तर मायक्रोलिटरला १०. पण बॅंड ७५०० आला तर भागाकार करून ७३ लिहू नका. नमुना पातळ करा आणि पुन्हा चालवा.

उलटही होतं. २० नॅनोग्रॅमचा बॅंड २०५० ऐवजी १२०० आला, म्हणजे भागाकार ६०, आणि बाकीचे १०२ च्या आसपास. तेव्हा बॅकग्राउंड जास्त कापलं जातंय. चेंडूची त्रिज्या वाढवा किंवा रीत बदला आणि पुन्हा तपासा. आवृत्ती बदलल्यावर जुने आणि नवे आकडे जुळत नाहीत अशी तक्रार घेऊन मुलं येतात, तेव्हाही मी आधी हीच परीक्षा दोन्ही आवृत्त्यांवर करायला लावते. कोण चुकतंय ते बहुतेक वेळा दहा मिनिटांत समजतं.

चमक डीएनएच्या वजनाबरोबर वाढते, रेणूंच्या संख्येबरोबर नाही, हे लक्षात असू द्या. त्याचा एक छान उपयोग आहे. पीसीआर-आरएफएलपीमध्ये (पीसीआरचा तुकडा एन्झाइमने कापून तुकड्यांचे आकार पाहण्याची रीत) ६५५ बेसपेअरचा तुकडा एन्झाइमने ४०० आणि २५५ मध्ये कापला, असं धरा. रेणू दोन्हींचे सारखेच असतील, पण चमक ६१ आणि ३९ या प्रमाणात वाटली गेली पाहिजे. प्रोग्रामने ७५ आणि २५ दिलं तर लहान बॅंडचं बॅकग्राउंड जास्त कापलं गेलं, किंवा ४०० च्या जागी दुसरंही काही लपलं आहे. ही तपासणी फुकट मिळते, वेगळी वेल लागत नाही.

आकार काढणं त्यामानाने सोपं. बॅंडने कापलेलं अंतर आणि आकाराचा लॉगॅरिदम यांचा आलेख मधल्या पट्ट्यात जवळपास सरळ येतो. वरचे मोठे बॅंड दाटीवाटीने बसतात, तिथे रेषा वाकते. लॅडरच्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात लहान बॅंडच्या बाहेरचा आकार प्रोग्राम सांगेल, तुम्ही लिहू नका.

आकडा बरोबर, अर्थ चूक

गेल्या वर्षी एका मुलाने मिसळलेल्या माशांच्या पिठातून दोन जातींचे पीसीआर केले, दोन बॅंड अगदी नीट मोजले आणि '६८ टक्के एक जात, ३२ टक्के दुसरी' असं लिहून आणलं. मोजणी निर्दोष होती. पण साधा पीसीआर ३५ फेऱ्यांनंतर थकलेला असतो. प्रायमर (प्रत काढायला जिथून सुरुवात होते ते डीएनएचे छोटे तुकडे) संपत आलेले, एन्झाइम मंदावलेलं. सुरुवातीला दहापट डीएनए असलेला नमुनाही शेवटी जवळपास तेवढाच बॅंड देतो. शिवाय प्रायमर एका जातीला जास्त घट्ट बसले तर प्रमाण आणखी बिघडतं. शेवटच्या बॅंडवरून पिठात किती काय होतं ते सांगता येत नाही, त्यासाठी फेऱ्या चालू असतानाच मोजणारा रिअल-टाइम पीसीआर लागतो. कोळंबीतल्या व्हाइट स्पॉट विषाणूच्या तपासणीतही हेच: जेलवरचा बॅंड 'आहे' किंवा 'नाही' सांगतो, तळ्यात रोग किती बळावला ते नाही.

प्रोटीनच्या जेलमध्ये वेगळा खड्डा आहे. लेनमध्ये प्रोटीन कमीजास्त घातलं गेलं तर ते सुधारायला एखाद्या 'न बदलणाऱ्या' प्रोटीनशी तुलना करतात, बहुतेकदा सुमारे ४२ किलोडाल्टनच्या (किलोडाल्टन हे प्रोटीनच्या वजनाचं एकक) ॲक्टिनशी. पण मासा बर्फात ठेवला, वाळवला, खारवला की ॲक्टिन आणि सुमारे २०० किलोडाल्टनचं मायोसिन स्वतःच तुटू लागतं. मोजपट्टीच आक्रसली तर कापड मोठं दिसणारच. अशा प्रयोगात अख्ख्या लेनच्या एकूण प्रोटीनशी तुलना करा. नव्या प्रोग्राममध्ये त्याचा वेगळा पर्याय असतो, इमेजजेमध्ये लेनच्या पूर्ण आलेखाचं क्षेत्रफळ घेऊन ते जमतं. तीही लेन खालून कापलेली नसावी. तुटलेले छोटे तुकडे जेलबाहेर पळाले असतील तर एकूण बेरीजही खोटी ठरते.

वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ सारख्या काजूच्या जातींचे डीएनए ठसे जुळवणाऱ्यांना हे सगळं लागत नाही. त्यांना बॅंड आहे की नाही, म्हणजे १ आणि ० चा तक्ता हवा असतो. जेलजे हा मोफत प्रोग्राम तो तक्ता आणि त्यावरून सारखेपणाचा वृक्ष काढतो. फिकट बॅंडला १ म्हणायचं की ० हे आधी ठरवून लिहून ठेवा, आणि ते दोघांनी एकमेकांना न सांगता करा. जिथे दोघांचं जुळत नाही ते बॅंड वृक्षातून गाळा.

प्रबंधात चिकटवण्याआधी

एलिझाबेथ बिक आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ शोधनिबंधांतली चित्रं डोळ्यांनी तपासली. ३.८ टक्के निबंधांत एकच चित्र दोनदा वापरल्याचे किंवा फेरफाराचे प्रकार सापडले. आता बरीच नियतकालिकं चित्रं आपोआप तपासणारे प्रोग्राम वापरतात. काँट्रास्ट अख्ख्या चित्रावर सारखा बदललेला चालतो. एका लेनपुरता बदललेला चालत नाही, आणि डाग ब्रशने पुसणं तर नाहीच. मधल्या नको असलेल्या लेन काढल्या असतील तर जोडाच्या जागी स्पष्ट रेघ हवी आणि चित्राखाली तसं लिहिलेलं हवं. चित्र सुंदर करण्यासाठी एआयने 'साफ' करून देणारी ॲप आली आहेत. जेलच्या फोटोला ती लावू नका, कारण ती नसलेल्या कडा रंगवतात.

आमच्याकडे प्रत्येक जेलसाठी एक फोल्डर असतो. नाव तारीख आणि जेल क्रमांकाचं. आत मूळ फाइल, जिला कोणी हात लावत नाही आणि जी फक्त वाचण्यापुरती उघडते. त्याच जेलचे दुसऱ्या एक्स्पोजरचे फोटो. मोजणीची प्रत. मॅक्रोची फाइल किंवा प्रोग्रामने दिलेला तक्ता. आणि एक साधी मजकुराची फाइल, ज्यात इतकंच: कुठला प्रोग्राम, कुठली आवृत्ती, बॅकग्राउंडची रीत आणि त्रिज्या, लॅडरच्या भागाकाराचे आकडे, हाताने खोडलेले किंवा जोडलेले बॅंड, कुठल्या लेनमध्ये काय, आणि लाइट किती वेळ गेली होती.

ही शेवटची नोंद बाहेरच्या परीक्षकांना गमतीची वाटते. एकदा एकांनी तोंडी परीक्षेत विचारलं, "नऊ नंबरच्या जेलवरचे सगळे बॅंड रुंद का?" मुलीने फाइल उघडली आणि वाचून दाखवलं: '१४ जुलै, दुपारी २.१० ते २.४५ वीज नाही.' ते हसले आणि पुढच्या चित्राकडे वळले.